भाकरीपर्यंतची प्रार्थना

आमच्या मंडळीत भीती ठरलेल्या वेळी जात असे. साक्ष द्यायला उभा राहणारा प्रत्येक जण ती वेळ सांगे. कुणाची सकाळी सव्वासातला गेलेली, कुणाची उपासनेतल्या दुसऱ्या गीतानंतर. माधवनगरच्या एका गिरणीत हजेरी मांडणारे मंडळीच्या कारभारातले आमचे एक पंच होते, त्यांची तर भोंगा वाजत असतानाच गेली होती. त्यांना कुत्र्यांची भीती वाटे. ती कायमची गेल्याचं त्यांनी माझ्यासमोर तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा आपली सायकल चर्चच्या फाटकाच्या आत, थेट पायरीशी आणून लावली होती, कारण फाटकाबाहेर कुत्री होती.

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत उभं राहून सर्वांना सांगणं. पद्धत चांगली आहे. ऐकायला माणसं असतात, एवढाच तिच्यात दोष. माणसं समोर दिसली की भीती मोठी होते, देव वेळेवर येतो आणि सांगणारा मधल्या मधे धीट होऊन खाली बसतो. मी मागच्या बाकावर बसून हे ऐकत असे आणि माझी भीती तशीच घेऊन वसतिगृहावर परत जात असे.

माझी भीती मेलेल्या माणसांची. आणि मी निघाले होते नर्स व्हायला. यात विनोद आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण दुसरा जो मार्ग होता त्यात विनोदसुद्धा नव्हता. वडूजकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं पाच. वडील लवकर गेलेले, आई आणि मी मामाच्या आधारानं राहायचो. मामानं माझ्यासाठी एक विधुर उपदेशक हेरून ठेवला होता. त्याच्याजवळ दोन मुलं होती, एक हार्मोनियम होती, आणि बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय होती. मामाला हार्मोनियम फार आवडली होती. मला त्या सवयीचं कौतुक वाटलं. डोळे मिटून बोलणाऱ्याला समोरचं माणूस उठून गेलेलं कळत नाही, त्यामुळे त्याचा उत्साह टिकतो. त्या भेटीत मी दोनदा चुलीकडे जाऊन आले. तो बोलतच होता.

आईनं मामाशी आयुष्यात एकदाच वाद घातला, तो या वेळी. मी सांगलीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाला लागले. पहिले सहा महिने पारखण्याचे. त्यात टिकलं तर डोक्यावर पांढरी टोपी मिळायची आणि पुढची वर्षं पक्की व्हायची. नाही टिकलं तर वडूजची एसटी. मामानं निघताना सांगून ठेवलं होतं, "जमलं न्हाई तर मन खट्टू करू नगंस. ते थांबायला तयार हायेत." ते म्हणजे हार्मोनियमवाले.

भीतीचं मूळही सांगून टाकते, ते काही फार खोल नाही. मी सात वर्षांची असताना आत्या वारली. शवपेटी तयार होईपर्यंत तिला खाटेवर ठेवलं होतं आणि माश्या वारायला कडुलिंबाचा डहाळा देऊन मला शेजारी बसवलं होतं. दुपार होती. मोठी माणसं बाहेर पेटीच्या लांबीवरून वाद घालत होती. आत्याचा हात खाटेवरून घसरला आणि माझ्या मांडीवर पडला. मी किंचाळले. माणसं धावत आली, आणि आमच्या पाळकांनी सर्वांना सांगितलं की आत्यानं जाता जाता लेकराला आशीर्वाद दिला. जिवंतपणी आत्यानं मला थपडा सोडून काही दिलं नव्हतं. पण ही हकिगत पुढं उपदेशात दोनदा आली, आणि मी गार पडून ताप काढला हे त्यात एकदाही आलं नाही. मोठ्या माणसांच्या गोष्टींबद्दलचा माझा आदर तिथून उतरणीला लागला.

वॉर्डात पहिला मृत्यू झाला तेव्हा मी चादरींच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. आम्हांला शिकवणाऱ्या सिस्टर अर्ध्या तासानं तिथं आल्या. त्या आमच्याच मंडळीतल्या, उंच, हाडकुळ्या बाई. त्यांना कुणी साक्ष देताना ऐकलं नव्हतं.

"किती चादरी घड्या केल्यास?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, सिस्टर."

"मग इथं काय करत होतीस?"

"भीत होते."

त्यांनी कडीकडे पाहिलं, ती सैल आहे का हे हलवून बघितलं, आणि म्हणाल्या, "टोपीचा कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आहे. त्याच्या आत एकदा तरी मेलेल्या रोग्याची सगळी तयारी तुझ्या हातची मला दिसली पाहिजे. अंग पुसणं, हनुवटी बांधणं, केस, मनगटाला नावाची चिठ्ठी, सगळं. नाही दिसली तर तुझ्या मामाला पत्र जाईल. मी ओरडत नाही, तेव्हा त्याची वाट बघू नकोस."

यानंतर माझ्या भीतीवर सार्वजनिक उपचार सुरू झाले. खोलीतल्या मुलीनं पवित्र शास्त्र उशाखाली घ्यायला सांगितलं. मी घेतलं. उशी उंच झाली. दुसरी म्हणाली उपास कर. मी केला, आणि भीतीच्या जोडीला भूक आली.

मग उज्जीवन सभा आली, म्हणजे निवलेला विश्वास पुन्हा पेटवण्याची. तीन दिवस, शाळेच्या पटांगणात, मांडव घालून. लांबून एक मोठे प्रचारक आले होते. पांढरा सफारी, पांढरे बूट, आणि हातात पांढरा रुमाल, जो ते घाम आला की कपाळाला आणि देव आला की डोळ्यांना लावत. कर्णा त्याच मांडववाल्याचा होता ज्याच्याकडून सगळी लग्नं व्हायची, त्यामुळे संध्याकाळी तो सुरू झाला की आधी अर्धं लग्नाचं गाणं वाजे आणि मग कुणीतरी धावत जाऊन तबकडी काढी. प्रचारकांचा विषय भय. भय म्हणजे अविश्वास, असं ते म्हणाले, आणि अविश्वास म्हणजे पाप. ज्याला भय वाटतं त्यानं प्रभूला नाकारलं. मला हा हिशेब फार सोपा वाटला. आपल्या प्रभूलाही क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत घाम फुटला होता, हे लहानपणी आम्हांला शिकवलेलं त्यांच्या कानावर आलं नसावं.

पंचांनी माझी केस आधीच त्यांच्या कानावर घातली होती. दुसऱ्या दिवशी मला पुढं बोलावलं. माझ्या आधी चार बायका रांगेत होत्या. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला की त्या मागं पडत आणि मागं उभे असलेले दोघे त्यांना झेलत. मी पडले नाही. सकाळी मांडवात पाणी मारलं होतं, खाली चिखल होता, आणि अंगावर धुतलेला गणवेश होता. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. प्रचारकांनी जोर वाढवला. मीही वाढवला. शेवटी त्यांनी माझं डोकं सोडलं आणि कर्ण्यावर जाहीर केलं, "या लेकीचं मरणाचं भय या क्षणी गेलेलं आहे."

मला ही बातमी कर्ण्यावरूनच कळली. मान तीन दिवस धरली होती.

चौथ्या दिवशी वॉर्डात एक म्हातारे गेले आणि मी चादरींच्या खोलीत. रविवारी पंचांनी मला फाटकाशी गाठलं.

"देवानं काढली होती," ते म्हणाले. "तू परत घेतलीस. शंका ठेवलीस मनात."

"तुमची कुत्री कशी आहेत?" मी विचारलं. पंच सायकल पुसू लागले.

शेवटचा उपाय वसतिगृहातच होता. वचनांची डबी. बहुतेक ख्रिस्ती घरांत अशी डबी असते. शास्त्रातली धीर देणारी वचनं चिठ्ठ्यांवर लिहून गुंडाळ्या करून ठेवतात, आणि सकाळी एकेकानं एक काढायची. ज्यानं पद्धत काढली त्याचा हेतू एवढाच असावा की माणसानं रोज एक तरी चांगलं वाक्य वाचावं. आमच्या मुली तिच्याकडे पोपटवाल्या ज्योतिषाकडे जावं तशा जात. परीक्षेला काढत, पत्राच्या उत्तरासाठी काढत, आणि मनासारखी आली नाही तर डबी हलवून पुन्हा काढत. आमची डबी म्हणजे पावडरीचा डबा होता, त्याला शाईचे डाग पडलेला गुलाबी कागद चिकटवलेला. चिठ्ठ्या रविवारच्या शाळेतल्या मुलांनी लिहिलेल्या होत्या, आणि धीराची वचनं संपल्यावर मुलांनी जे पान उघडेल ते उतरवलं होतं.

माझ्या खोलीतल्या मुलींनी मला मधे बसवलं, डोळे मिटायला लावले आणि डबी पुढं केली. मी चिठ्ठी काढली. तिच्यात शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवू नये अशा अर्थाचं काहीतरी होतं.

आमच्या खटाव तालुक्यात ही चिठ्ठी घरोघर वाटायला हवी होती. तिथं बांध कोरल्याशिवाय पेरणी झाल्यासारखं वाटत नाही. पण प्रेताशी तिचा संबंध मला लागेना. खोलीतली हुशार मुलगी म्हणाली, "अगं, जिवंतपण आणि मरण यांच्यातली हद्द." बाकीच्यांनी सुस्कारे टाकले. ती मुलगी पुढं प्रत्येक परीक्षेत पहिली आली, याचं मला नवल वाटलं नाही.

वॉर्डात आमच्या हाताखाली एक मावशी होत्या. हाताखाली हे कागदावर. खरं तर आम्ही सगळ्या त्यांच्या धाकात होतो. जवळच्याच एका गावच्या, घर बौद्ध झालेलं, वीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या. माझे उपचार त्यांनी लांबून पाहिले होते.

"मेल्यालं माणूस काय करतंय गं?" त्या मला म्हणाल्या. "जितं बघ. जितं पाणी मागतंय, भांडं मागतंय, शिव्या देतंय. मेल्यालं लय गुणाचं."

"उठून बसलं तर?"

"बसलं तर बसलं. च्या देऊ."

सभेचा कर्णा वाजत होता त्याच दिवसांत सतरा नंबरच्या खाटेवर उंब्रजची एक आजी आली होती. पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी उघडून परत शिवलेलं. मुलगा फौजेत, सीमेवर कुठंतरी. सून आणि म्हातारा नवरा आलटून पालटून येत. आजी वाळून काटकी झाली होती, पण केस गुडघ्याला लागतील एवढे. पहिल्याच दिवशी तिनं मला गणवेशाला धरून जवळ ओढलं.

"पोरी, तू कुंच्या देवाची?"

"येशूची, आजी."

"बरा हाय का?"

"बरा आहे."

"मग ते तुमचं लोक कर्ण्यावर एवढं वरडत्यात कशाला? ऐकू कमी येतं व्हय त्याला?"

प्रचारकांच्या तीन दिवसांच्या उपदेशावर एवढी नेमकी टीका मी पुढंही ऐकली नाही. त्या दिवसापासून मी रोज सकाळी आजीची वेणी घालू लागले. तिला घट्ट वेणी लागे. सैल झाली की ती स्वतःच्या हातानं उसवून टाकी आणि मला पुन्हा बसवी. वेणी झाली की उशाखालची एक पत्र्याची डबी काढून बोटानं कुंकू लावी, आरशाशिवाय, नेमकं मधोमध. दवाखान्याच्या नियमात ही डबी बसत नव्हती. सिस्टरांना ती कधी दिसली नाही, आणि सिस्टरांना न दिसणारं वॉर्डात फारसं काही नसे.

आठव्या दिवशी आजी म्हणाली, "आता माजं काय खरं न्हाई. बरं हाय. मला अहेव जायचं हाय. म्हातारा लय खोकाय लागलाय, तवा मलाच घाई कराय पायजे."

"असं बोलू नये, आजी."

"गप. ऐक. त्या म्हाताऱ्यानं मला पंचेचाळीस वर्सांत इस्कटल्याली बघितली न्हाई. त्येच्या आदी उठायची, येणी घालायची, कुंकू लावायची, मग चूल. आता त्यो येस्टीनं येनार, मी मरून पडल्याली, आन् केस भुतावानी. ते चालायचं न्हाई. मी गेले की तू माजी येणी घाल. आन् कुंकू."

"मावशी करतील सगळं."

"ती वडती. तुजा हात हलका हाय."

मी खरं ते सांगितलं. "आजी, मला मेलेल्या माणसांची भीती वाटते."

"मलाबी वाटती," ती म्हणाली. "मला तर वर मरायचं हाय."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"म्या हालनार न्हाई," ती म्हणाली. "सबूद दे."

मी शब्द दिला. त्यात शौर्य नव्हतं. जिवंत माणसाला तोंडावर नाही म्हणायला लागणारं धैर्यही माझ्याजवळ नव्हतं, म्हणून दिला.

ती मंगळवारी दुपारी गेली, जेवणाची घंटा व्हायच्या आधी. टोपीचा कार्यक्रम त्याच आठवड्यात शुक्रवारी नव्हता, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होता. म्हणजे मला अजून दहा दिवस मिळाले असते आणि दुसरं एखादं अनोळखी प्रेतही मिळालं असतं. हा विचार मी केला. सिस्टरांनी खाटेभोवती पडदे ओढले आणि टेबलाशी जाऊन लिहीत बसल्या. मावशींनी कोमट पाण्याचं घमेलं आणलं. मी पडद्याच्या बाहेर उभी होते. पाय चादरींच्या खोलीकडे वळले होते, हे मला खाली बघितल्यावर कळलं.

तिथं मी प्रार्थना केली. भीती काढून घे, असं मागितलं नाही. ते कर्ण्यावरून मागून झालं होतं आणि काय मिळालं ते मानेला माहीत होतं. धैर्य दे, असंही नाही. धैर्य आलं असतं तर त्याचं काय करायचं हे मला कळलं नसतं. मी म्हटलं, वेणी होईपर्यंत माझे हात राहू दे. बाकी तू बघ. एवढी लहान प्रार्थना मी त्याआधी केली नव्हती. आमच्यात मोठ्या करायची पद्धत होती.

आत गेले. मावशी अंग पुसू लागल्या, मी दुसऱ्या बाजूनं. तोंडाला काहीतरी चाळा हवा म्हणून, पोरवयापासून दिवसातून दोनदा म्हटलेली प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथपर्यंत आले आणि पुढचं गेलं. साफ गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा भाकरीशी थांबले. असं पाच-सहा वेळा झालं तेव्हा मावशी वैतागल्या.

"भाकरीच्या म्होरं काय हाय का न्हाई तुमच्यात?"

"आहे. आठवत नाही, मावशी."

"मग ऱ्हाऊ दे. भाकरीपत्तुर म्हन. तेवढं मलाबी पटतंय."

अंग पुसून झालं, हनुवटी बांधून झाली. मी उशाशी बसले, आजीचं डोकं थोडं कुशीला वळवलं आणि केस मोकळे केले. तीन पेड पाडले. अर्ध्यावर आले असेन, तेवढ्यात तिचा हात अंगावरून घसरला आणि माझ्या मांडीवर पडला.

आत्याचा पडला होता तसाच. तेवढाच जड.

या जागी प्रचारक असते तर त्यांनी उजेड पाडला असता. उजेड पडला नाही. माझ्या घशापर्यंत किंचाळी आली आणि तिथंच थांबली. भीती होती, पूर्वीपेक्षा कमी नव्हती. पण हात माझे होते; ते पेड धरून होते आणि त्यांनी ते सोडले नाहीत. आणि मी एकटी नव्हते. समोर मावशी आहेत हे जसं मला न बघता कळत होतं, तसं हेही कळत होतं की ज्याच्याकडे हात मागितले तो तिथं आहे आणि तो घाईत नाही. याहून मोठं वर्णन मला येत नाही, आणि आलं असतं तरी केलं नसतं. मी एका हातानं पेड धरले, दुसऱ्यानं आजीचा हात उचलून तिच्या अंगावर ठेवला, आणि वेणी पुरी केली. घट्ट.

मग मावशींनी उशाखालची डबी काढली. "कुंकू लाव."

"तुम्ही लावा," मी म्हटलं. "आमच्यात लावत नाहीत."

"आमी तर सोडलंय ते," मावशी म्हणाल्या. "नवऱ्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी पुसलं. म्या आता दुसरीला लावू?"

खाटेच्या दोन बाजूंना आम्ही दोघी. एकीच्या घरानं हे वीस वर्षांपूर्वी सोडलेलं, दुसरीच्या घरानं आजोबांच्या वेळी, आणि मधे आजी कपाळ पुढं करून पडलेली. तिला आमच्या दोघींच्या धर्मांतराशी काही देणंघेणं नव्हतं. तिला म्हाताऱ्याची चारची एसटी दिसत होती.

मी डबीत बोट घातलं. हात राहू दे असं मागताना मी एक बोट वगळलं नव्हतं. कपाळाच्या मधोमध लावलं. थोडं डावीकडे गेलं, ते ओल्या कापसानं पुसून पुन्हा लावलं. मग मनगटाला नावाची चिठ्ठी बांधली, पडद्याबाहेर आले, मोरीवर गेले आणि ओकले. मागितलं होतं ते वेणीपुरतंच होतं, आणि देवानं माप काटेकोर ठेवलं होतं.

म्हातारा आला. पागोटं काढून खाटेशी उभा राहिला, खोकला, पुन्हा बघत राहिला.

"येणी कुनी घातली?"

"मी, आबा."

"हिला सैल चालत न्हाई," तो म्हणाला. वाकून वेणीला बोट लावून बघितलं. "बरी आवळलीया."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण वसतिगृहात ती रात्रीच्या जेवणापर्यंत पोचली आणि रविवारपर्यंत मंडळीत. प्रचारक अजून गेले नव्हते. ते पंचांकडे उतरले होते आणि पंचांच्या कोंबड्या रोज एकीनं कमी होत होत्या. उपासनेत ते पुढं उभे राहिले आणि त्यांनी माझी गोष्ट मला सांगितली. वॉर्डात सुगंध पसरला होता. आजीच्या चेहऱ्यावर तेज होतं, कारण शेवटच्या घटकेला माझ्या तोंडून ऐकून तिनं प्रभूला स्वीकारलं होतं. आणि मी, जिचं भय त्यांच्या हाताखाली गेलं होतं, ती गात गात सेवा करत होते. रुमाल डोळ्यांना लागला. "बहिणी, उभी राहा आणि साक्ष दे."

मी उभी राहिले. तिसऱ्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. नुसतं 'आमेन' म्हणून खाली बसले असते तर येत्या शुक्रवारी टोपी नक्की होती. तेजासकट.

मी म्हटलं, "माझी भीती गेलेली नाही. मी देवाकडे वेणी होईपर्यंत हात मागितले होते. त्यानं दिले. आजींनी देव बदलला नाही. त्यांना नवऱ्यासमोर नीटनेटकं जायचं होतं. त्यांची वेणी घातली, सांगितल्याप्रमाणे कुंकू लावलं, आणि नंतर मला उलटी झाली. देवाचे आभार."

पंच उभे राहिले.

"ख्रिस्ती मुलीनं प्रेताला कुंकू लावलं?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"जिचं कपाळ होतं तिच्या."

प्रचारक म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." आमच्यात अडचणीच्या प्रत्येक जागी हे म्हणतात, आणि डोळे मिटले की अडचण दिसत नाही. हार्मोनियमवाल्याची मला आठवण झाली.

बुधवारी पंचांचं पत्र दवाखान्यात गेलं. सदर मुलीनं मंडळीची साक्ष बिघडवली असून तिला टोपी देण्यापूर्वी विचार व्हावा, असं त्यात होतं. गुरुवारी सिस्टरांनी मला बोलावलं. पत्र टेबलावर उघडं होतं. आई घरी काय करत असेल, मामा कुठल्या एसटीनं येईल, हे मी मनात मांडत उभी राहिले.

"पाणी कोमट होतं?" सिस्टरांनी विचारलं.

"हो."

"हनुवटी बांधलीस तेव्हा जीभ बघितली होतीस?"

"हो, सिस्टर."

"चिठ्ठी?"

"उजव्या मनगटाला."

"रोग्यानं काही सांगून ठेवलं होतं?"

"वेणी आणि कुंकू."

"ते केलंस?"

"केलं."

"मग यांना विचार कसला करायचा आहे ते मला समजत नाही," त्या म्हणाल्या. पत्राची मागची बाजू कोरी होती. त्यांनी ते उलटं केलं आणि त्यावर दुसऱ्या दिवशीच्या खुर्च्यांची यादी करू लागल्या. मी दाराशी पोचले तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "उद्या केस घट्ट बांधून ये. सैल केसांवर टोपी बसत नाही."

टोपीचा कार्यक्रम सकाळी अकराला, मेणबत्त्या लावून झाला. उन्हात मेणबत्त्या दिसेनात म्हणून खिडक्या लावल्या, खिडक्या लावल्यावर उकडू लागलं म्हणून पंखा लावला, आणि पंख्यानं मेणबत्त्या विझल्या. पाहुण्यांनी सेवेवर भाषण केलं आणि पाणी आणायला उशीर झाला म्हणून शिपायाला झापलं. पंचांनी समाप्तीची प्रार्थना केली. तिच्यात माझ्या वाट्याला डोळे मिटून एक टोमणा होता. टोपी सिस्टरांनी स्वतः बसवली, दोन पिना टोचल्या, त्यातली एक डोक्याला लागली. मामा आला होता. पेढा खाऊन म्हणाला, "आता त्येंना काय सांगू?" हार्मोनियमवाल्यांना त्यानं जे सांगायचं ते सांगितलं असेल. त्यांचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं, असं आईनं कळवलं.

पुढं नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी किती जणांची शेवटची तयारी केली ते आठवत नाही. भीती दर वेळी आली. दर वेळी पडद्याबाहेर उभी राहून हात मागितले, आणि ते मिळाले, कामापुरते. प्रभूची प्रार्थना मला अखेरपर्यंत पाठ आहे. रविवारी सर्वांबरोबर पुरी म्हणते. पडद्यामागं मात्र भाकरीपर्यंतच म्हणत असे. मावशी निवृत्त होईपर्यंत समोर असायच्या, आणि तिथं आलं की मान हलवायच्या.

साक्ष द्यायला मला पुन्हा कुणी उभं केलं नाही.